रंगूअण्णांची अनवाणी फेरी

नाशिकच्या जुन्या क्रिकेट लीगबद्दल विचाराल तर लोक ढालीची गोष्ट सांगतात. चांदीची ढाल कुणी दिली, कुठल्या साली ती पंचवटीकडे गेली, कुठल्या साली नाशिकरोडवाल्यांनी ती फुलं लावून बैलगाडीतून मिरवली, यावर दोन म्हातारे अजूनही हमरीतुमरीवर येतील. चटईची गोष्ट मात्र कुणी काढत नाही. काढलीच तर समोरचा सुपारी कातरायला घेतो आणि विषय बदलतो.

ती चटई काथ्याची होती. हिरवळीची खेळपट्टी तेव्हा आपल्याकडे कुठली असायला? माती चोपून सपाट करायची, वर चटई अंथरायची, कडेनं लांब लोखंडी खिळे ठोकायचे आणि खेळायचं. तपोवनाच्या वाटेवर एका बागाईतदाराचं पडीक रान होतं, तेच मैदान. भद्रकालीचा संघ, पंचवटीचा, नाशिकरोडचा, कधीमधी देवळालीच्या छावणीतले गोरे शिपाई. एवढ्या सगळ्यांत मिळून चटई एकच. दर हंगामाला ती त्याच गाडीतून यायची आणि त्याच गाडीतून परत जायची.

आणि चटई म्हटलं की रंगूअण्णा आले. रंगनाथ निकुंभ, धंद्यानं शिंपी. भद्रकालीच्या मागच्या गल्लीत घराच्या ओसरीवर त्यांचं दुकान, म्हणजे एक पायमशीन, एक कोळशाची इस्त्री आणि भिंतीला टांगलेले दुसऱ्यांचे कपडे. स्वतः ते धड कधी खेळले नाहीत. पण सगळ्या संघांच्या पांढऱ्या विजारी त्यांच्याच मशीनवरून जात, त्यामुळं कुणाची कंबर वाढली हे त्यांना कप्तानाच्या आधी कळे.

एकतीस साली लीग सुरू झाली आणि पहिल्याच सामन्याला भांडण लागलं. चटई ताणून ठोकली की चेंडू उसळतो, सैल सोडली की बसतो, तेव्हा ज्याला जे सोयीचं ते तो करू बघत होता. तुम्ही खाली खडा सरकवलात, तुम्ही मुद्दाम सुरकुती पाडलीत, असं करत करत एकदोघांनी स्टंप उपटून हातात घेतले. अण्णा तिथं कुणाची तरी विजार पोचवायला आले होते. त्यांनी बगलेतलं गाठोडं खाली ठेवलं, वहाणा काढल्या आणि कुणाला न विचारता चटईवरून चालू लागले. हात पाठीशी, नजर समोरच्या झाडांवर. अर्ध्यात थांबले, डाव्या पायाचा अंगठा टेकवला आणि म्हणाले, "इथं." चटई उचलून पाहिली तर खाली हरभऱ्याएवढा खडा. दोन्ही बाजू हसल्या, स्टंप जमिनीत परत गेले आणि त्या दिवसापासून अण्णा लीगचे पंच झाले.

मग ती रीतच पडली. चटई ठोकून झाली की अण्णा बूट काढत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी जात, पाऊल पावलाला लावून, नागमोडी, आणि तसेच परत येत. तोवर मैदानात कुणी बोलायचं नाही. परत आले की म्हणायचे, "चालू द्या." एकदा अण्णांनी "चालू द्या" म्हटलं की चटईला हात लावायचा नाही, वाकून बघायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण तसं करणं म्हणजे भरल्या पंगतीत यजमानानं वाढलेलं अन्न हुंगून बघण्यासारखं झालं असतं, आणि नाशिकचा माणूस कितीही भांडखोर असला तरी असं करत नाही.

अण्णांना या फेरीचा गर्व होता, आणि का नसावा? घरात त्यांचं कुणी ऐकत नसे. बायको सरुबाई त्यांना भाजीसुद्धा आणू देत नसे, हमखास किडकी वांगी आणतात म्हणून. मुलगी नवसा लग्नाला आलेली, तिची स्थळं सरुबाईचा भाऊ बघे. पण रविवारी सकाळी तपोवनाच्या वाटेवर गोऱ्या शिपायांसकट सगळे गप्प उभे राहत आणि एक शिंपी चालत असे.

चटईचं बाकी सगळं इब्राहिमकडे. इब्राहिम पिंजारी हा अण्णांचा लहानपणचा मित्र, त्याच गल्लीतला. गाद्या-रजया दोघं मिळून करत. कापूस इब्राहिम पिंजायचा, खोळ अण्णा शिवायचे. चटईच्या फाटक्या जागा सांधणं, ती अंथरणं, खिळे ठोकणं आणि सामना झाल्यावर खिळे उपटून ती गुंडाळणं हे त्याचं काम. चारचौघांत तो त्यांना अण्णा म्हणे, दोघंच असले की रंग्या.

या इब्राहिमचा मुलगा सलीम. सलीमसारखा फलंदाज लीगमध्ये दुसरा नव्हता, हे पंचवटीवालेसुद्धा कबूल करत, फक्त दुसरीकडे तोंड करून. रविवार कारंज्यापाशी एका घड्याळाच्या दुकानात तो कारागीर होता. डाव्या डोळ्यात भिंग अडकवून दिवसभर चाकं आणि केसासारख्या कमानी बघायच्या आणि रविवारी लाल चेंडू बघायचा. "डोळा दोघांचा एकच," असं तो हसून सांगे. अण्णांच्या खांद्यावर बसून तो गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर बघायला गेलेला पोरगा. अण्णांना मुलगा नव्हता, आणि तो नाही याची आठवण सलीम समोर असला की त्यांना होत नसे.

छत्तीस सालच्या दिवाळीआधी पहिली गोष्ट घडली. कामाची गर्दी होती, अण्णा मशीन चालवत होते आणि मशीन चालेना. पट्टा बघितला, चाक बघितलं, तेल घातलं. मग खाली बघितलं तर डावा पाय पायट्यावरून घसरून जमिनीवर आलेला, आणि आपण पायटा दाबतोय असंच त्यांना वाटत होतं. मुंग्या आल्या असतील म्हणून त्यांनी पाय झटकला. मुंग्या नव्हत्याच.

नंतर इस्त्रीतला निखारा पडला. अण्णा कॉलर दाबत होते. आतून सरुबाई ओरडली, "अहो, काय जळतंय? कुणाचा कोट जाळला का?" कोट शाबूत होता. जळत होती अण्णांच्या डाव्या पावलाची कातडी. ती पाणी घेऊन धावत आली तोवर अण्णांनी निखारा झटकून पाऊल धोतराखाली ओढलं होतं. म्हणाले, चिंधी जळाली.

त्या दिवशी त्यांनी ओसरीचं दार लोटून पाय उजेडात धरला. नडगीच्या खाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. त्यावर त्यांनी सुई टोचली. सुई गेली, रक्ताचा थेंब आला आणि बाकी काहीच आलं नाही. अण्णा त्या थेंबाकडे बघत बसले आणि त्यांना वणीकडचा गेणूमामा आठवला. मामालाही आधी असाच चट्टा आला होता. नंतर बोटं गेली, नंतर नाक बसलं, आणि बोटं जायच्या कितीतरी आधी गावानं त्याला शिवेबाहेर खोपट बांधून दिलं होतं. अण्णांची आई खोपटापासून लांब दगडावर भाकरी ठेवायची आणि मागं न बघता परत यायची. लहान रंगनाथ तिच्याबरोबर असायचा, तो मात्र मागं बघायचा.

महारोग. हा शब्द अण्णांनी तोंडातल्या तोंडातसुद्धा उच्चारला नाही. उच्चारला तर काय होणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या हातचा कपडा कुणी अंगाला लावणार नाही. नवसाला कुणी करून घेणार नाही. दवाखान्याची पायरी चढावी तर त्या पायरीवर अर्ध्या गावाचे डोळे. आणि रविवारची फेरी गेली. खरं सांगायचं तर या सगळ्यांत त्यांना फेरीचाच विचार आधी आला, आणि त्याची लाज त्यांना पुढं जन्मभर वाटली.

तेव्हा त्यांनी गप्प राहायचं ठरवलं. सरुबाई आणि नवसा देवळात गेल्या की ते दुपारी घोंगडी अंथरत, तिच्याखाली बटणं टाकत आणि वरून चालत. उजवा पाय प्रत्येक बटण सांगे. डावा काही सांगत नसे. मग त्यांनी चाल बदलली. उजवं पाऊल मोठं, तिरपं, चाचपून टाकायचं आणि डावं नुसतं मागून आणायचं. हंगाम सुरू झाला, अण्णा चालत राहिले, "चालू द्या" म्हणत राहिले. लोकांना वाटलं, वय झालं, चालणं बदललं.

अंतिम सामन्याच्या आधीच्या रविवारी पंचवटीचा एक चेंडू टप्प्यावरून असा उडाला की विकेटकीपरच्या कानाला वारा लागला. अण्णांनी स्वतः जाऊन चटईची कड उचलली. खाली बोराच्या आठळीएवढा खडा.  मग इब्राहिमच हसून म्हणाला, "अण्णा, ध्यान कुठं होतं?" अण्णा म्हणाले, "नवसाच्या लग्नात." सगळे हसले. खडा अण्णांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि तो आठवडाभर खिशातच राहिला. कपडे बदलले की ते तो नव्या खिशात टाकत. कुणाला तरी लागणार आहे, हे त्यांना आता दिवसासुद्धा दिसायला लागलं. मशीनवर बसले की दिसे, जेवायला बसले की दिसे, फक्त ज्याला लागणार त्याचा चेहरा दिसत नव्हता.

शनिवारी संध्याकाळी ते उठले आणि इब्राहिमच्या दुकानात गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. इब्राहिम पिंजत होता, धनुकलीच्या ताणलेल्या तातीचा ठणठण आवाज चालला होता, कापूस हवेत उडत होता. अण्णा दारातच बसले.

"इब्रा," ते म्हणाले, "उद्या चटईवर तू चालतोस का?"

इब्राहिमनं हात थांबवला. "मी? डोकं फिरलं काय तुझं, रंग्या? उद्या सामना भद्रकालीचा. माझा पोरगा खेळणार. आणि मीच चटई पास करू? नाशिकरोडवाले मला तिथंच पिंजून काढतील."

"माझं वय झालं रे."

"वय तर माझं पण झालं. मी खिळे ठोकायचे सोडले का?"

तेवढ्यात सलीम आला. महिन्यानं त्याचं लग्न होतं, सिताराशी, मालेगावची मुलगी. त्याची शेरवानी अण्णा शिवत होते, बाह्या नुसत्या धावदोऱ्यावर होत्या. सलीमनं विचारलं, "अण्णाचाचा, कोट झाला का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्याशेजारी बसून उद्याचं सांगू लागला. नाशिकरोडचा बारकू म्हणे फार जोरात टाकायला लागलाय. पेठकडचा गडी, स्टेशनात हमाली करतो, पाठीवर पोती वाहून खांदे असे झालेत.

"मग जपून खेळ," अण्णा म्हणाले. "चटई बघून घे आधी."

"चटई?" सलीम हसला. "तुम्ही चाललात की मी चटईकडे बघत पण नाही. बघायचं ते बॉलरच्या हाताकडं."

अण्णांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. कापसाचा एक पुंजका सलीमच्या भुवईवर बसला होता, तो त्यांनी चिमटीनं काढला आणि घरी आले. एकच सामना राहिलाय, त्यांनी मनाला समजावलं. उद्याचा एक. मग पंचगिरी सोडायची, काही तरी कारण सांगायचं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कुणाची मदत लागत नाही.

रविवारी सकाळी धुकं होतं. हंगामभर खेळून मधली माती उखडली होती, म्हणून इब्राहिमनं चटई या वेळी अर्ध्या रुंदीएवढी बाजूला सरकवून अंथरली. म्हणजे आधी जिथं चटईची कड आणि खिळ्यांची रांग होती ती जागा आता चटईच्या पोटाखाली आली. जुने खिळे त्यानं उपटले होते. एक खिळा उपटताना मुंडकं तुटून आत राहिला होता, त्याचं टोक मातीबाहेर होतं, आणि धुक्यात ते मातीच्याच रंगाचं दिसत होतं.

अण्णांनी बूट काढले. मोजे काढून बुटात कोंबले. सगळे गप्प झाले. लोक उसाच्या गाड्यांवर, भिंतीवर, बाभळीवर चढून बसले होते आणि त्यातला एकही जण खोकत नव्हता. अण्णा निघाले. उजवा तिरपा, चाचपून. डावा मागून. उजवा, डावा. गोलंदाजाच्या टोकाकडून गेले, पलीकडे पोचले, वळले. परत येताना मधल्या भागात डावं पाऊल खिळ्यावर पडलं. काथ्यातून टोक वर आलं आणि तळव्यात शिरलं. जिवंत पायाचा कुणीही माणूस तिथं ओरडून खाली बसला असता. अण्णांनी उजवं पाऊल पुढं टाकलं, मग डावं, मग उजवं, टोकाला आले आणि म्हणाले, "चालू द्या."

तिथंच बसून, तळव्याकडं न बघता, त्यांनी मोजे-बूट चढवले. इब्राहिम कडेला हातोडी घेऊन उभा होता. त्याला चटईच्या मधोमध कणभर उंचवटा दिसल्यासारखा वाटला. तो दोन पावलं आत आला, वाकला, हात पुढं केला. मग त्याला आठवलं की अण्णा चालून गेलेत. त्यानं हात मागं घेतला आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

आधी नाशिकरोडवाले खेळले. दिवसभर चेंडू त्या जागेच्या अलीकडे पडत होते, पलीकडे पडत होते, बोटभर डावीकडे पडत होते. जेवणाच्या सुट्टीत सामना बघायला आलेला पंचवटीचा कप्तान म्हणाला, "अण्णा, लंगडताय की काय?" अण्णा म्हणाले, "बूट नवा आहे." बूट जुनाच होता. तो आतून ओला झालाय, जड झालाय, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

उन्हं कलली तेव्हा सलीम खेळत होता. असा खेळत होता की नाशिकरोडची माणसंसुद्धा शिव्या द्यायची विसरली. ढाल भद्रकालीकडे येणार हे बैलांनाही कळलं असावं. अण्णा पंच म्हणून बारकूच्या टोकाला उभे होते. बारकू धावत आला, अण्णांच्या शेजारून गेला आणि त्यानं चेंडू टाकला. चांगला, सरळ चेंडू, कमरेच्या उंचीला यायचा. सलीमनं पाय पुढं टाकला. त्याची नजर बारकूच्या हाताकडून चेंडूवर आली, चटईवर एकदाही गेली नाही. चेंडू टप्प्यावर लोखंडाला लागल्यासारखा वाजला आणि तिथून तोंडावर आला.

बॅट आधी पडली. सलीम गुडघ्यांवर बसला, डावा हात डोळ्यावर, आणि बोटांच्या मधून रक्त आलं. तो ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "चाचा, काय झालं?" अण्णा धावत गेले तर त्यांच्याकडं तोंड करून परत विचारलं. इब्राहिमनं त्याला उचललं, चारजणांनी टांग्यात घातलं. बारकू आपल्या जागेवरच मांडी घालून बसला होता आणि जो जवळ येईल त्याला सांगत होता, "म्या काय केला नाय. रोज टाकतो तसाच टाकला." पुढं तो कधी जोरात धावलाच नाही, मैदानातही नाही आणि स्टेशनातही नाही.

अण्णांनी घरी येऊन बूट काढायला घेतला. तो निघेना. ओढून काढला तर मोजा तळव्याला चिकटलेला, आणि मोजा नव्हता तो, रक्ताचा गोळा होता. सरुबाई दारात उभी होती. तिनं पायाकडं बघितलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर वेदना नव्हती. ती खाली बसली आणि तिच्या तोंडातून एवढंच आलं, "गेणूमामांसारखं?"

अण्णांनी मान डोलावली.

सकाळी ते मैदानावर गेले. चटई तशीच पडली होती, दवानं भिजलेली, आणि तिच्या मधोमध इब्राहिम बसला होता. सलीमचा डोळा गेला होता. डावा, भिंगाचा. डॉक्टरांनी पहाटेच सांगितलं होतं. इब्राहिमनं चटईची एक बाजू उचलून दुमडली होती आणि हातात तो तुटका खिळा होता.

"हा माझाच," तो म्हणाला. वर न बघता. "उपटायचा राहिला. मुंडकं तुटलं होतं, नंतर बघू म्हटलं आणि विसरलो."

अण्णा उभे राहिले.

"पण हे काय आहे, रंग्या?" इब्राहिमनं बोट दाखवलं. खिळ्याच्या जागी काथ्यावर काळसर डाग होता. "मला वाटलं सलीमचं रक्त. पण सलीम तिकडं पडला, स्टंपापाशी. हे इथं कसं आलं? आणि मग इथं बघ. मग इथं." डाग पाऊलपाऊल टाकत गोलंदाजाच्या टोकापर्यंत गेले होते. एका आड एक. शेवटचा डाग जिथं अण्णा बूट घालायला बसले होते तिथं होता.

"पाय दाखव," इब्राहिम म्हणाला.

अण्णा चटईवर बसले आणि त्यांनी डावा पाय पुढं केला. इब्राहिमनं चिंधी सोडली. जखमेच्या शेजारी अंगठा ठेवला आणि दाबला, कापसाची गाठ फोडतात तसा जोर लावून.

"दुखतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

इब्राहिमनं पाय सोडला नाही. हातातच धरून तो बराच वेळ बसला. मग म्हणाला, "काल माझा हात पुढं गेला होता. इथंच. मला दिसलं होतं काहीतरी. मग म्हटलं, रंग्या चाललाय, आता काय बघायचं." त्यानं चिंधी उचलली. "मला सांगायचंस रे. कुणाला नाही तरी मला. लोकांच्या शिव्या खाल्ल्या असत्या आणि मी चाललो असतो."

 चिंधी इब्राहिमनंच परत बांधली, उठला, आणि खिळा घेऊन निघून गेला. त्यानंतर तो त्यांच्या ओसरीवर आला नाही.

लीगच्या लोकांना त्यानं एवढंच सांगितलं की खिळा राहिला, चूक माझी. हे खरंच होतं. त्याच्याकडून चटईचं काम काढून घेतलं गेलं. बाप असून पोराचा डोळा घालवला, असं त्याच्या तोंडावर बोलणारे निघाले, आणि अण्णांनी ते ऐकलं आणि ऐकून घेतलं. कारण समोर नवसा होती. उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं, सिन्नरकडच्या एका घरात. कुणी याला लबाडी म्हणेल. म्हणणाऱ्यानं आपल्या घरातली उपवर मुलगी आठवून म्हणावं. सलीमचंही लग्न झालं. सिताराच्या माणसांनी शब्द फिरवला नाही. शेरवानी अण्णांकडं तशीच धावदोऱ्यावर राहिली, तो दुसऱ्याचा कोट घालून निकाहाला बसला. घड्याळाचं काम सुटलं. बापाच्या दुकानात तो कापूस पिंजायला लागला.

पुढच्या हंगामाचा पहिला रविवार आला. नव्या माणसानं चटई ठोकली. अण्णांना न्यायला दोघंजण घरी आले होते. गेल्या वेळी जे झालं ते खिळेवाल्याचं पाप, तुमच्या पायांचा काय दोष, असं वाटेत सांगत होते. मैदानात सगळे गप्प उभे राहिले. सावलीला, कुंपणाच्या बाहेर, इब्राहिम आणि सलीम उभे होते. अण्णांनी बूट काढले. आता डाव्या पायाची दोन बोटं वाकडी झाली होती.

ते चटईच्या कडेला थांबले आणि मोठ्यानं बोलले. आयुष्यात ते एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "माझ्या पायाला काही लागत नाही. गेला अख्खा हंगाम लागत नव्हतं. मला महारोग आहे. त्या दिवशी मी खिळ्यावरूनच चाललो होतो. इब्राहिमचा खिळा राहिला, पण चटई साफ आहे असं म्हणणारा मी होतो."

 मग लोक मागं सरले. आधी जवळचे, मग त्यांच्या मागचे, पाणी ओसरतं तसे. कुणाच्या तरी ध्यानात आलं की या चटईत त्याचं रक्त मुरलंय आणि आपण तिच्यावर हात टेकून पडलोय, उठलोय. "जाळा ती," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले. घासलेटाची बाटली आली. दुसरी चटई नव्हती आणि पुढं कधी आली नाही. त्या दिवशी लीग संपली, हे मात्र तेव्हा कुणाला कळलं नाही.

अण्णा बूट हातात घेऊन रस्त्याला लागले होते. मागं एकदम शांत झालं तसे ते वळले. लहानपणापासून त्यांना मागं बघायची खोड होती.

इब्राहिम कुंपणातून आत आला होता. त्यानं वहाणा काढल्या, हात पाठीशी घेतले आणि चटईवर पाऊल ठेवलं. पाऊल पावलाला लावून, नागमोडी, तो त्या काळसर डागांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि तसाच परत आला. घासलेटवाला बाटली धरून उभा होता. इब्राहिमनं कुणाकडं बघितलं नाही. वहाणा घालून तो सलीमपाशी गेला, त्याचा हात धरला आणि दोघं घराच्या वाटेला लागले. मग लोकांनी चटई पेटवली.